हिवतापाच्या नोंदी हद्दीत अडकू नयेत

पावसाळ्यात ताप आला की टिटवाळ्याचे रहिवासी कुठे जातात? कुणी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, कुणी गोवेलीच्या ग्रामीण रुग्णालयात, कुणी जवळच्या खासगी दवाखान्यात, तर कुणी लोकल पकडून थेट कल्याण किंवा मुंबईला. मांडा-टिटवाळा हा भाग कल्याण-डोंबिवली महापालिकेत येतो. हद्दीबाहेरची गावे ठाणे जिल्हा परिषदेच्या आरोग्य यंत्रणेकडे आहेत. ठाणे जिल्ह्यात तर सहा महापालिका आहेत. त्यामुळे एकाच परिसरातील हिवतापाच्या, म्हणजे मलेरियाच्या, रुग्णांची नोंद अनेक ठिकाणी विखुरते. औषधांना दाद न देणारा हिवताप वेळीच ओळखण्यात हीच मोठी अडचण आहे.

औषधे निकामी होण्याचा अनुभव देशाने घेतला आहे. क्लोरोक्वीनला न जुमानणारा फाल्सिपेरम हिवताप भारतात प्रथम १९७३ मध्ये आसामच्या कार्बी आंगलाँग भागात आढळला. पुढे हे औषध फाल्सिपेरमसाठी सोडावे लागले आणि आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचार आले. ईशान्येकडील राज्यांत या उपचारातील जोडीचे औषध कमी पडत असल्याचे रुग्णांच्या पाठपुराव्यातून दिसले, तेव्हा २०१३ मध्ये तेथे वेगळी जोडी सुरू झाली. आर्टेमिसिनिनलाच दाद न देणारे परजीवी आधी कंबोडियात सापडले. आता ते रवांडा, युगांडा, टांझानियातही आढळतात.

औषध कमी पडते आहे हे रुग्णसंख्येवरून कळत नाही. त्यासाठी उपचारानंतर काय झाले ते पाहावे लागते. आर्टेमिसिनिनचे उपचार सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशीही रक्तात परजीवी दिसले, तर ती धोक्याची सूचना असते. औषधाची पक्की परीक्षा करायची तर किमान २८ दिवस पाठपुरावा लागतो. दहा टक्क्यांहून अधिक रुग्णांत उपचार अपयशी ठरत असतील, तर औषध बदलावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

व्हायव्हॅक्स प्रकारात हे कोडे आणखी अवघड होते. त्याचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. म्हणूनच प्रायमाक्वीनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. समजा, टिटवाळ्यात उपचार घेतलेल्या रुग्णाला दीड महिन्याने मुंबईत कामावर असताना पुन्हा ताप आला. गोळ्या अर्धवट राहिल्या, नवा डास चावला की औषधच चालले नाही? जुनी नोंद समोर नसेल, तर तो ‘नवा रुग्ण’ म्हणून मोजला जातो आणि प्रश्न तिथेच संपतो.

साथरोगांच्या नोंदींसाठी ‘इंटिग्रेटेड हेल्थ इन्फर्मेशन प्लॅटफॉर्म’ हे संगणकीय व्यासपीठ २०२१ मध्ये देशात सुरू झाले. पण व्यासपीठात भरली जाते तेवढीच माहिती त्यातून बाहेर येते. परजीवीचा प्रकार, दिलेले औषध, गोळ्या पूर्ण झाल्या का, तिसऱ्या दिवसाची रक्ततपासणी आणि गेल्या महिन्यातील प्रवास एवढे तपशील खासगी दवाखाने आणि प्रयोगशाळांकडूनही आले, तर शेजारच्या महापालिकेला आणि जिल्हा परिषदेला ते उपयोगी पडतील. रुग्णाचे नाव मात्र उपचार आणि पाठपुरावा करणाऱ्यांपुरतेच राहायला हवे. प्रवासाची नोंद बांधकामावरच्या किंवा वीटभट्टीवरच्या मजुरांकडे बोट दाखवण्यासाठी वापरली गेली, तर ते तपासणीलाच येणार नाहीत आणि धोका उलट वाढेल.

२०३० पर्यंत हिवताप हद्दपार करण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. रुग्ण कमी होत जातात तसा उरलेल्या प्रत्येक रुग्णाचा माग महत्त्वाचा ठरतो. त्यात रुग्णाचाही वाटा आहे. ताप उतरला तरी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात, रक्ततपासणीचा कागद जपून ठेवावा आणि पुन्हा ताप आल्यास आधीचा हिवताप व अलीकडचा प्रवास डॉक्टरांना आवर्जून सांगावा.