किरकोळ कामांचे ॲप कारागिरांच्याच मालकीचे हवे

गळक्या नळाचे वॉशर, फाटलेली डासांची जाळी, भिंतीत ठोकायची पडद्याची दांडी अशी अर्ध्या-पाऊण तासाची कामे शहरातल्या प्रत्येक घरात आठवडेच्या आठवडे खोळंबून असतात. त्याच शहरात, उदाहरणार्थ पुण्यात वारज्याला, मजूर अड्ड्यावर सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन माणसे उभी राहतात आणि ऊन चढले की त्यातली कित्येक रिकाम्या हातांनी घरी परततात. या दोघांची गाठ घालून देणारे, वस्तीपुरते ॲप असावे, असा माझा आग्रह आहे. त्यावर जे आक्षेप घेतले जातात, ते एकेक करून तपासू.

पहिला आक्षेप असा की, असे ॲप हवेच कशाला? सोसायटीचा वॉचमन आहे, कोपऱ्यावरचा हार्डवेअरवाला आहे, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. विचारले की माणूस मिळतो. यातला विश्वासाचा मुद्दा खरा आहे. घरात येणारा माणूस कुणाच्या तरी ओळखीचा असावा, ही अपेक्षा रास्त आहे. पण ज्याची ओळख नाही, त्याचे काय? मराठवाड्यातून नुकताच शहरात आलेला गवंडी त्या वॉचमनला माहीत नसतो. एकट्या राहणाऱ्या वृद्ध बाईंकडे तो ग्रुप नसतो. शिवाय तोंडी ओळखीत दराचा पत्ता नाही, कामाची नोंद नाही आणि पैसे बुडाले तर दाद मागायला जागा नाही. ओळखीची परंपरा मोडू नये. तिचे दार मात्र सगळ्यांना उघडे व्हायला हवे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोठ्या कंपन्या हेच काम करतात, त्यांच्याकडे भांडवल आहे, प्रशिक्षण आहे, मग नवा खटाटोप कशासाठी? उत्तर त्यांच्या रचनेतच आहे. तिथे दर कंपनी ठरवते, कमिशन कंपनी कापते, काम कुणाला द्यायचे ते कंपनीची प्रणाली ठरवते आणि खाते बंद करण्याचा अधिकारही कंपनीकडेच असतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनी या घरपोच सेवांच्या ॲपच्या कार्यालयाबाहेर सौंदर्यसेवेचे काम करणाऱ्या महिलांनी कमिशन आणि कामाच्या अटींविरुद्ध आंदोलन केले. कंपनीने काही सवलती जाहीर केल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा आंदोलन झाले, तेव्हा कंपनी आंदोलकांविरुद्ध न्यायालयात गेली. ज्यांच्या हातच्या कौशल्यावर धंदा उभा आहे, त्यांना अटी ठरवण्यात जागा नसली की असेच होणार. त्यातून दीडशे रुपयांच्या कामासाठी कारागीर शहराच्या दुसऱ्या टोकाहून आला आणि वर कमिशनही कापले गेले, तर त्याच्या हाती उरते काय? किरकोळ काम जवळच्या माणसालाच परवडते.

तिसरा आक्षेप म्हणतो, या लोकांना ॲप चालवता येणार नाही. अड्ड्यावरची माणसे यूपीआयने पैसे घेतात, गावाकडे व्हिडिओ कॉल करतात, व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवतात. अडचण त्यांच्या समजुतीची नसून इंग्रजी पडद्यांची आणि भरायच्या पंधरा रकान्यांची आहे. काम मराठीत किंवा हिंदीत ऐकू यावे, 'येतो' किंवा 'जमणार नाही' एवढेच बोलून उत्तर देता यावे आणि साध्या फोनवाल्याला मिस्ड कॉल देऊनही नाव नोंदवता यावे. हे करून देणे रचनाकाराचे कर्तव्य आहे.

चौथा आक्षेप दर्जाचा. ग्राहकांनी दिलेले तारे, म्हणजे रेटिंग, नसतील तर वाईट काम ओळखायचे कसे? पण एक तारा काहीच सांगत नाही. नळ पुन्हा गळला म्हणून तो दिला, की घासाघीस मान्य झाली नाही म्हणून? त्याऐवजी नेमके प्रश्न विचारा. काम टिकले का? ठरल्याएवढेच पैसे घेतले का? पुन्हा बोलावाल का? आणि कारागिरालाही विचारा. पैसे वेळेवर मिळाले का? लिफ्ट वापरू दिली का? तक्रार आली तरी त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कुणाचेही नाव यादीतून काढू नये. पोट ज्यावर चालते, त्याचा निकाल एकतर्फी लागता कामा नये.

खंडन झाले, आता मंडन. असे ॲप उभे राहू शकते, याची साक्ष महाराष्ट्रातच आहे. १९६९ चा माथाडी कायदा कामगारनेते अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आला. हमालाचे नाव माथाडी मंडळाकडे नोंदले गेले. मालक मजुरी आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरू लागला आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ मिळू लागले. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या चळवळीतून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने महापालिकेशी करार केला. तिचे सभासद घरोघरी जाऊन कचरा घेतात, घरांकडून सेवाशुल्क घेतात आणि संस्था त्यांचीच असते. महाराष्ट्राबाहेर, बंगळुरूच्या 'नम्म यात्री' या रिक्षा ॲपनेही रिक्षाचालकांकडून फेरीमागे कमिशन न घेता ठरावीक शुल्क घेण्याची पद्धत चालवून दाखवली.

या तिन्हींतून आराखडा मिळतो. ॲप एका प्रभागापुरते असावे आणि कारागिरांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे असावे. दर कारागिराने स्वतः जाहीर करावा, ग्राहकाने निवड करावी. कमिशनऐवजी माफक मासिक वर्गणी असावी. प्रत्येक कामामागे ग्राहकाने काही रुपये लेव्ही द्यावी आणि त्यातून अपघात विमा उतरवावा, कारण शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याला आज सहसा कुणी वाली नसतो. ओळखपत्राची पडताळणी संस्थेने करावी, म्हणजे घरमालकाची काळजीही मिटेल.

कायद्यानेही दिशा दाखवली आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. तिच्यात प्लॅटफॉर्म कामगाराची व्याख्या आहे आणि ॲप चालवणाऱ्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद आहे. पण कायदा फक्त निधी देईल. दर ठरवण्याचा हक्क आणि सन्मान मालकीतूनच येईल.

म्हणून ॲप रचायला बसणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे. पहिला पडदा आखण्याआधी सकाळी मजूर अड्ड्यावर जा, तिथल्या सुताराला आणि प्लंबरला विचारा, त्यांना संस्थेचे पहिले सभासद करा आणि मगच काम सुरू करा.