पायवाट गावाची, पावती सरकारची



रविवारी सकाळी पनवेलच्या एस. टी. स्टँडवर जरा उभे राहून पाहा. पायात बूट, पाठीला पिशवी, गळ्यात दुर्बीण घातलेली मुंबई-ठाण्याची मंडळी कर्नाळ्याच्या आणि धोदाणीच्या गाडीची वाट पाहत असतात. आपल्याला हसू येते. ज्या वाटेने आपल्या आया डोक्यावर मोळी घेऊन अनवाणी उतरल्या, त्या वाटेवर चालायला ही माणसे पदरचे पैसे मोडून येतात! पण हसण्याआधी हिशेब करा. १९७० पासून या भागातली जमीन सिडकोकडे गेली, मग द्रुतगती मार्गाला गेली, २०१३ साली उरलेल्या गावांवर 'नैना'चा शिक्का बसला. भात पिकवून घर चालत नाही, हे सांगायला अर्थशास्त्री नको. अशा तालुक्यात ज्याचे गिऱ्हाईक स्वतःच्या पायाने आपल्या दारात येते, असा एक माल अजून शिल्लक आहे. तो म्हणजे पायवाट.

कर्नाळ्याचेच घ्या. पनवेलपासून गोव्याच्या रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर. १९६८ साली तिथे पक्षी अभयारण्य झाले, २००३ साली हद्द वाढून ते सुमारे बारा चौरस किलोमीटरचे झाले. किल्ल्याची चढण सोडली तर खालच्या वाटा सोप्या, म्हातारा माणूस आणि शाळकरी पोर सहज फिरेल अशा. 'हरियाल', 'मोरटाका' अशी पक्ष्यांची नावे त्यांना दिली आहेत. नावे छान आहेत. पण या डोंगरात माणसाची आणि गुरांची ये-जा कोणाच्या पाटीची वाट पाहत थांबली नव्हती. आता आत जायला परवानगी खात्याची, तिकीट खात्याचे, वाट उघडायची की बंद ठेवायची हा निर्णयही खात्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तशी तरतूदच आहे.

माझे पक्ष्यांशी भांडण नाही. जंगल राहिले म्हणून गाढी आणि पाताळगंगा वाहतात, एवढे शेतकऱ्याला कळते. भांडण आहे ते जंगल म्हणजे सरकार आणि गाव म्हणजे घुसखोर, या हिशेबाशी. हे भांडण जुने आहे. कर्नाळ्याच्या पश्चिमेला चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि नाग्या कातकरी हुतात्मा झाला. तेव्हा प्रश्न लाकडाचा आणि चाऱ्याचा होता. आज तो वाटेचा आहे, इतकाच फरक.

गावाच्या हाती वाट राहिली तर काय होते, तेही आपल्याच तालुक्यात पाहायला मिळते. प्रबळगडाच्या पोटात प्रबळमाची आहे. ठाकूरवाडीतून दीड-दोन तास चालत वर जावे लागते. कलावंतिणीचा सुळका पाहायला येणारी पोरे त्याच माचीवरच्या आदिवासी घरांत जेवतात, मुक्काम करतात. दुधाचा भाव डेअरी ठरवते, भाजीचा दलाल ठरवतो, भाताचा सरकार ठरवते. पिठलं-भाकरीचा दर मात्र माचीवरची बाई स्वतः ठरवते! ज्या मालाचा भाव शेतकऱ्याच्या घरातली बाई ठरवते, असा दुसरा माल मला दाखवा.

म्हणून पावसाळा आला की गाढेश्वरला आणि धबधब्यांवर सरसकट बंदीचे हुकूम निघतात, ते मला पटत नाहीत. माणसे बुडतात हे खरे, आणि दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्याला अडवलेच पाहिजे. पण गाढेश्वरपासून धोदाणीकडे ओढ्याच्या काठाने जाणारी सपाट वाट आणि धरणाची भिंत यांत फरक आहे. तो फरक धोदाणीतले दहावीचे पोरही सांगेल. त्याला वाटाड्या म्हणून उभा करा, जबाबदारी द्या, पैसे द्या. पोलीस उभा करण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

आता खाडीकडे येऊ, कारण तिथले दुखणे वेगळे आहे. खाडीकाठची सर्वांत सोपी वाट म्हणजे खारबंदिस्तीचा बांध. एका हाताला भातशेत, दुसऱ्या हाताला चिखल, खारफुटी, निवट्या आणि हिवाळ्यात परदेशी पाखरे. फोटोवाल्यांना याहून काय हवे? पण तो बांध फिरण्यासाठी घातलेला नाही. पिढ्यान् पिढ्या कुळांनी चिखल उपसून तो उभा केला. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे चरीच्या शेतकऱ्यांनी संप केला, तोही याच खारेपाटात. आज बांधाला खांड पडली तर बुजवायला वेळेवर कोणी येत नाही. दोन उधाणांत पाणी आत येते, चार-पाच वर्षांत शेतात खारफुटी उभी राहते, आणि मग ती तोडता येत नाही. उच्च न्यायालयाने २०१८ साली खारफुटीच्या तोडीवरची बंदी पक्की केली. न्यायालय चुकले असे मी म्हणत नाही. भराव टाकणाऱ्यांना त्याशिवाय आवर बसला नसता. पण ज्याचा सातबारा शाबूत आणि शेत मात्र जंगल झाले, त्याने कोणाच्या दारी जावे? पाखरे पाहायला येणाऱ्या मंडळींना आपण हे बांधावर उभे करून दाखवले पाहिजे. उघाडी दुरुस्त असावी, भरतीचे पाणी बाहेरच्या बाजूला मोकळे फिरावे, भराव होऊ नये, यात त्यांचे आणि आपले हित एकच आहे. ती शिकलेली माणसे आहेत, अर्ज लिहितात, कोर्टात जातात. असा सोबती सोडू नये.

आणि शेवटचा, सर्वांत जवळचा धोका फार्महाऊसचा. आमच्या वाडीतून नदीवर जाणारी वाट होती. एक दिवस तिच्यावर लोखंडी फाटक आले, आत कुत्री. आम्ही आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ प्रमाणे अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देऊ शकतो. पण दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. आम्ही गेलो आठव्या महिन्यात. फाटक अजून तिथेच आहे. म्हणून सांगतो, फाटकाचा खड्डा खणला त्याच आठवड्यात अर्ज द्या.

काहीजण विचारतील, वाट कागदावर आली तर उद्या कोणीही उठून माझ्या शेतातून जाईल. इंग्लंडमध्ये तसे आहे. १९४९ च्या कायद्याने तिथे पायवाटांचे नकाशे झाले आणि शेतातून जाणारी वाट पीक असले तरी शेतकऱ्याला मोकळी ठेवावी लागते. आपल्याला ते नको. आपल्या पोटाला तेवढी ऐपत नाही. आपल्याला हवी ती गावाची वाट, आणि कोणाला, कधी, किती पैशांत तिच्यावरून न्यायचे हे ठरवणारी ग्रामसभा. जंगलात त्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने २००९ साली त्याच कायद्याने सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. अभयारण्यातही हा कायदा लागू आहे, हे खात्याचा माणूस आपणहून सांगणार नाही.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपला गावनकाशा आणावा. भूमी अभिलेखच्या कचेरीत नक्कल मिळते. तलाठ्यालाही विचारा (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेऱ्या तेवढ्याच). नकाशावर तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीवाट, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट रुंदीची. गावातल्या दोन जाणत्या म्हाताऱ्यांना आणि रोज मोळीला जाणाऱ्या एका बाईला शेजारी बसवा. रेघ कुठे आहे आणि आज फाटक कुठे आहे, ते लाल पेन्सिलीने खूण करून आणा.