यंत्रमानवाचा कान

प्रदर्शनाच्या दारांत यंत्रमानव उभा करावा, त्यानें प्रेक्षकांस 'काय वाटलें?' म्हणून पुसावें आणि एकाचा अनुभव दुसऱ्यास कळवावा, या कल्पनेचे चाहते आतां आपल्याकडेही भेटतात. १९९७ सालीं बॉनच्या संग्रहालयांत 'ऱ्हायनो' नामक यंत्रानें प्रेक्षकांस वाट दाखविली. २०१४ सालीं लंडनच्या टेट ब्रिटनमध्यें रात्रीं यंत्रें फिरवून लोकांनीं घरबसल्या चित्रें पाहिलीं. पंगूंस व दूरस्थांस ही सोय थोडी नव्हे. पण वाटाड्या निराळा आणि श्रोता निराळा.

जळगांवचें गांधीतीर्थ घ्या. २०१२ सालीं उघडलेल्या या संग्रहालयांत ध्वनिचित्रांच्या साधनांनीं गांधीचरित्र उत्तम रीतीनें उभें केलें आहे. तेथें एखादा म्हातारा आपल्या लेवा बोलींत सांगूं लागला कीं, १९३६ च्या डिसेंबरांत फैजपुरास गांधीजींनीं ग्रामोद्योगांचें प्रदर्शन उघडलें तेव्हां माझा बाप तेथें राबत होता, तर यंत्र काय करील? पांचांपैकीं किती गुण देतां, असें विचारील! जाणता माणूस विचारील, 'बाबा, त्या वेळचे कांहीं कागद घरांत आहेत का?' धुळ्याचें संशोधन मंडळ ज्यांच्या स्मरणार्थ १९२७ त निघालें, त्या राजवाड्यांनीं जुनीं दप्तरें मिळविलीं तीं अशीच गांवोगांव पायपीट करून, लोकांच्या मनधरण्या करून.

बहिणाबाई चौधरींस लिहितां येत नव्हतें. त्या जें म्हणत तें घरच्यांनीं उतरून घेतलें, अत्र्यांनीं त्याचें मोल ओळखलें, आणि १९५२ त पुस्तक निघालें. 'उतरून घेणें यंत्रासही साधतें,' असा आक्षेप येईल. साधतें, किंबहुना तें सगळेंच उतरून घेतें. पण हें जपून ठेवण्यासारखें आहे, असें कोणास तरी वाटावें लागतें. नाहीं तर तो नुसता सांठा होतो. शेऱ्यांच्या वह्यांचें आजवर काय झालें? प्रेक्षक लिहितात, कपाट भरतें, उत्तर कोणी देत नाहीं. त्याच अनास्थेस आतां चाकें लावावयाचीं एवढेंच.

खर्चाची सबब आम्हांस सांगूं नये. यंत्रास पैसा निघत असेल, तर त्यांतूनच अहिराणी व लेवा बोली जाणणारे दोन पदवीधर नेमावे. त्यांनीं प्रेक्षकांशीं बोलावें, आठवणी टिपाव्या, दरमहा वही वाचून पत्रें धाडावीं. असे तरुण आमच्या महाविद्यालयांतून दरवर्षीं बाहेर पडतात आणि पोटासाठीं पुण्या-मुंबईची गाडी धरतात.