लोकसहभागावर प्रबंध, पण लोकांच्या भाषेत नाही

शाश्वत विकासाचा कायदा आणि हवामान धोरण या विषयांवर संशोधन करणारी बरीच मंडळी आज आपल्या विद्यापीठांत आणि विधी महाविद्यालयांत आहेत. त्यांच्या लेखनात एक शब्द हटकून सापडतो, तो म्हणजे लोकसहभाग. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातले दहावे तत्त्व त्यांना पाठ असते. पर्यावरणाच्या प्रश्नावर नागरिकाला माहिती मिळावी, निर्णयात भाग घेता यावा आणि दाद मागता यावी, असे ते तत्त्व सांगते. तत्त्वाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ते शिकवणाऱ्यांबद्दल. हे तत्त्व ते सरकारला लावतात, स्वतःच्या लेखणीला लावत नाहीत.

सरकारचे काय चालते ते आधी पाहू. मार्च २०२० मध्ये केंद्राने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. देश टाळेबंदीत होता. काम आधी सुरू करून परवानगी नंतर घेण्याची वाट या मसुद्यात होती. जनसुनावणीच्या सूचनेची मुदत ३० दिवसांवरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. मसुदा होता फक्त इंग्रजी आणि हिंदीत. ३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत द्या, असा आदेश दिला. केंद्राने काय करावे? अनुवाद करण्याऐवजी आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठले. कायद्याने आम्हाला दोनच भाषांचे बंधन आहे, हा त्यांचा युक्तिवाद.

सध्या लागू असलेली २००६ ची अधिसूचना तरी काय देते? प्रकल्पाच्या अहवालाचा फक्त सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. सारांश कोण तयार करतो? प्रकल्प आणू पाहणारी कंपनीच. खाडीत किती अंश गरम पाणी सुटणार, राख कुठे टाकणार, भरतीचे पाणी कुठवर येणार, याची आकडेवारी जिथे असते तिथे रत्नागिरीचा दालदी किंवा रायगडचा कोळी पोहोचू शकत नाही. जिल्हाधिकाऱ्यांसमोर तो उभा राहतो, पोटतिडकीने बोलतो आणि इतिवृत्तात नोंद होते की ग्रामस्थांनी भावना व्यक्त केल्या. भावना! कारण मुद्दे ज्या कागदात होते, तो कागदच त्याच्यासाठी बंद होता.

इथे आमचे संशोधक काय करतात? या अन्यायावर उत्तम निबंध लिहितात. इंग्रजीत, आणि पुष्कळदा पैसे भरल्याशिवाय उघडत नाही अशा नियतकालिकात. ज्याच्या गावाचा अभ्यास झाला, त्याला तो झाल्याचे कळतही नाही. कंपनीचा अहवाल त्याला वाचता येत नव्हता. आता त्याच्या बाजूने लिहिलेला निबंधही वाचता येत नाही.

यावर ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. मान्य. तिथे इंग्रजीतच लढावे लागेल. पण जनसुनावणी गावात होते, ग्रामसभा गावात भरते आणि प्रकरण न्यायालयात जाण्याआधी तिथेच जिंकले किंवा हरले जाते. दुसरे उत्तर, मराठीत परिभाषा नाही. सातबारा, गायरान, देवराई, खारभूमी, निस्तार हक्क हे शब्द कोणत्या परिभाषेतले? जमीन आणि पाण्याच्या हक्कांची भाषा आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. ती न येणाऱ्याने भाषेला गरीब म्हणू नये. तिसरे उत्तर जास्त प्रामाणिक आहे: मराठी लेखनाला बढतीत फारसे वजन मिळत नाही. हे खरे आहे. मग त्याविरुद्ध भांडा. हवामान न्यायासाठी जगाशी भांडणाऱ्यांना स्वतःच्या विद्यापीठाच्या विद्वत् परिषदेशी भांडणे जड का जावे?

हे अशक्य नाही, याचा दाखला गडचिरोलीतच आहे. मेंढा (लेखा) या गोंड गावात अभ्यासगट चालले. गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक एकत्र बसून वनकायदा समजून घेत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. २००६ चा वनहक्क कायदा आल्यावर २००९ मध्ये या गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. कायदा गावाच्या भाषेत समजला होता, म्हणून तो वापरता आला.

हा प्रश्न आज तातडीचा आहे. मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या प्रकरणात १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मागाहून परवानगी देण्याची पद्धत बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो निर्णय मागे घेतला. गावाशेजारी परवानगीविना कारखाना उभा असेल, तर या दोन तारखांनी त्या गावाचे काय बदलले? हे गावाला मराठीत कोण समजावून सांगणार? कंपनीचा वकील नक्कीच नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. महाराष्ट्रातल्या गावावर प्रबंध लिहिणाऱ्याने त्याचा दहा-बारा पानी मराठी गोषवारा त्या ग्रामपंचायतीत द्यावा आणि ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवावा. तो दिल्याशिवाय विद्यापीठाने पदवी देऊ नये. जनसुनावणीची सूचना निघाली की मिळणारे ३० दिवस जवळच्या विधी महाविद्यालयाने गावात घालवावेत आणि मूळ अहवाल लोकांसोबत बसून वाचावा. सरकारी विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा पगार या गावांच्याही करातून होतो. ग्रामसभेत त्याला अवघड प्रश्न विचारले जातील, चुकाही दाखवल्या जातील. लोकसहभाग म्हणतात तो यालाच.