सर्वांत कमी दर आणि इमारतीचे आयुष्य

मुंबई महानगरपालिकेची जी भव्य वास्तू आज बोरीबंदरासमोर उभी आहे, तिचा आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, हे वास्तुकलेच्या अभ्यासकांना सांगावे लागत नाही. परंतु १८९३ साली ती पूर्णत्वास नेणाऱ्या व्यंकू बाळाजी काळेवार या कंत्राटदाराचे नाव त्या रस्त्याने नित्य जाणाऱ्या मुंबईकरांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. त्या बांधकामास ११,८८,०८२ रुपयांची मंजुरी होती आणि प्रत्यक्षात ते ११,१९,९६९ रुपयांत झाले, म्हणजे ६८,११३ रुपये शिल्लक राहिले. ही शिल्लक काम पुरे होऊन हिशेब मिटल्यावर दिसली, निविदा उघडण्याच्या दिवशी नव्हे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण इमारत बांधू इच्छिणाऱ्या संस्था, मग ती सहकारी बँक असो, रुग्णालयाचा विश्वस्त निधी असो वा व्यापारी संकुल उभारणारी कंपनी असो, आज आपली बचत पहिल्याच दिवशी मोजून मोकळ्या होतात आणि ज्याचा आकडा सर्वांत खाली, त्याच्या हाती पन्नास वर्षे टिकावयाची वास्तू सोपवितात.

मुख्य कंत्राटदार नेमका काय विकतो, याविषयी मालकवर्गाची कल्पना बहुधा अपुरी असते. सिमेंट, सळई, खडी ही बाजारात कोणासही मिळतात, आणि गवंडी, सेंट्रिंगवाले, वायरमन, नळकाम करणारे हेही रोजावर किंवा अंगावर काम घेणारे मिळतात. या सर्वांना एका क्रमात बांधून, एकाचे काम दुसऱ्याच्या कामाचा घात करणार नाही अशी व्यवस्था लावून, अखेरीस संपूर्ण इमारतीविषयी एकट्याने जाब देण्यास उभा राहणारा मनुष्य मात्र बाजारात सहज सापडत नाही. तुळईतून वातानुकूलनाची किंवा अग्निशमनाची नळी न्यावयाची असेल, तर तिच्यासाठी पाइपाचा तुकडा काँक्रीट ओतण्यापूर्वीच अभियंत्याने दाखविलेल्या जागी बसवून ठेवावा लागतो. त्या दिवशी नळकामाचा ठेकेदार जागेवर नसला आणि त्याला बोलावून आणणारे कोणी नसले, तर तीन महिन्यांनी तोच मनुष्य ब्रेकर घेऊन येतो, घट्ट झालेल्या तुळईस भोक पाडतो, वाटेत आलेली सळईही कापतो, आणि वर प्लास्टर चढले की या घावाचा मागमूस उरत नाही. ज्या कामावर मुख्य कंत्राटदाराने नुसते नाव ठेवून प्रत्येक भाग पोटकंत्राटदारास आणि त्याने पुन्हा आपल्या पोटकंत्राटदारास दिलेला असतो, तेथे या कापलेल्या सळईचा जाब विचारावयास गेलेल्या मालकास प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखविताना आढळतो.

या व्यवसायातील सचोटीचा बराचसा भाग असा झाकला जाणारा आहे. स्लॅबची सळई फळ्यांना चिकटू नये म्हणून तिच्याखाली काँक्रीटचे छोटे ठोकळे ठेवतात. कारागीर त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. ठोकळ्याची किंमत नगण्य, परंतु मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या खाऱ्या हवेत सळई आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये काँक्रीटचा किती जाड थर राहील, हे त्याच्यावर ठरते. थर पातळ राहिला की सळई गंजते, गंजून फुगते आणि छताचे पापुद्रे खाली येऊ लागतात. ओतलेल्या काँक्रीटवर साध्या सिमेंटच्या बाबतीतही किमान सात दिवस पाणी राखावे लागते. सातव्या दिवशीचे पाणी मारण्यासाठी बिगाऱ्याला रविवारची मजुरी द्यावयाची की नाही, हा प्रश्न ज्याने दर पाडून काम घेतले आहे त्याच्यापुढे निराळ्या रूपाने उभा राहतो. अशा माणसाला केवळ अप्रामाणिक म्हणून दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. त्याच्याकडून त्या दरात काम स्वीकारून घेणाऱ्या मालकानेच ते पाणी आधी तोडलेले असते.

केंद्रीय अर्थमंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये जे निर्देश काढले, त्यांत काही प्रकारच्या बांधकामांसाठी केवळ दर न पाहता गुणवत्तेलाही कमाल ३० टक्के भार देण्याची मुभा दिली, आणि चालू देयकाच्या किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत अदा करावी असेही सांगितले. यांतील दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. देयके महिनोन्‌महिने दप्तरात पडून राहिली, म्हणजे कंत्राटदार व्याजाने पैसा उचलतो, मुकादमाची बाकी थकते, नाक्यावरून आणलेले मजूर दुसरे काम धरतात, आणि नवख्या हातांनी बांधलेल्या सेंट्रिंगवर पुढचा स्लॅब पडतो. वेळेवर पैसा न देणाऱ्या मालकास मुदतीचा आणि दर्जाचा आग्रह धरण्याचा नैतिक अधिकार उरत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

खासगी मालकांना तर कोणत्याही शासकीय परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. निविदा मागविण्यापूर्वी त्यांनी इच्छुक कंत्राटदाराच्या पाच-दहा वर्षांपूर्वीच्या दोन इमारती स्वतः जाऊन पाहाव्यात, त्यांच्या गच्चीवर चढावे आणि तळघरात उतरावे, तेथील रखवालदारास पावसाळ्यात पाणी कोठे झिरपते ते विचारावे. कोणते काम पोटकंत्राटदारास दिले जाणार आणि त्याचे नाव काय, याची यादी करारनाम्यास जोडून घ्यावी, आणि लेखी संमतीवाचून तीत फेरफार होणार नाही असे कलम घालावे. काँक्रीटच्या नमुना-ठोकळ्यांची सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी होणारी चाचणी, तिची नोंदवही आणि झाकल्या जाणाऱ्या प्रत्येक कामाची छायाचित्रे इमारतीच्या ताब्याबरोबर मालकाच्या दप्तरी आली पाहिजेत, आणि अनामत रकमेचा शेवटचा हप्ता ती आल्यावाचून सुटता कामा नये.