खेळांची आठवण

माणसाच्या आयुष्यात बालपण थोडे आणि त्याची आठवण फार, असा काहीसा प्रकार असतो. शाळेत पाठ केलेल्या सनावळ्या पुढे विसरल्या जातात. परंतु विटी कोणत्या झाडाखाली हरवली, लगोरी कोणत्या भिंतीशी रचली आणि हरल्यावर रुसून कोणत्या गड्याने घरचा रस्ता धरला, हे वार्धक्यातही जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. खेळ संपतो, पण तो मनातून उठून जात नाही. म्हणूनच खेळाच्या आठवणीला निव्वळ पोरकट ठरवून तिची हेटाळणी करणे योग्य नव्हे. तिचे मोल काय आणि तिच्या हातून काय घडावे, याचा विचार करणेच अधिक उचित होय.

बीड जिल्ह्यातील आज चाळिशीच्या घरात आलेल्या पिढीचे उदाहरण या बाबतीत पाहण्यासारखे आहे. १९९० नंतरच्या दहापंधरा वर्षांत तालुक्याच्या गावांतून दूरदर्शन संच वाढले आणि त्यांच्या मागोमाग 'टीव्ही गेम' नावाची एक लहानशी पेटीही आली. जपानमधील निंटेंडो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिकॉम' नावाचे खेळयंत्र काढले होते. त्याच्या स्वस्त नकला भारतातील बाजारात मिळत. ज्या डबीत खेळ साठविलेला असे, तिला मुले 'कॅसेट' म्हणत. तिच्यातून मिशाळ मारिओ उड्या घेत बाहेर पडे, 'काँट्रा'मधील दोन सैनिक गोळ्या चुकवीत धावत आणि 'डक हंट'मधील बदके पडद्यावर फडफडत. ही पेटी गल्लीत एखाद्याच घरी असे. त्यामुळे खेळणारे दोन आणि पाहणारे दहा, अशी बैठक जमे. ज्याचा गडी बाद झाला त्याने पुढच्याच्या हाती खेळ द्यावा, हा नियम कोणी कागदावर लिहिला नव्हता. तरी तो सर्वांना मान्य होता. कॅसेट अडली की तिच्यात फुंकर घालावयाची, हा उपायही असाच एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला. ऐन रंगात आलेला डाव वीज गेल्याने मोडे. परळी वैजनाथ येथे १९७१ पासून औष्णिक वीजकेंद्र उभे असताना त्याच जिल्ह्यातील मुलांना 'दिव्याखाली अंधार' ही म्हण अशी अनुभवाने कळत असे. मग तीच मंडळी अंगणात उतरत आणि अंधाराचा फायदा घेऊन लपंडाव मांडीत. जुना खेळ आणि नवा खेळ यांचे त्यांच्या लेखी वैर नव्हते. अंगण बदलले तरी भिडू तेच होते.

ती मुले आता मोठी झाली. कोणी पुण्यास नोकरीला गेले, कोणी गावी दुकान चालवितात. बालपणीच्या एखाद्या खेळाची नवी आवृत्ती निघणार, त्यावर चित्रपट येणार, अशी वार्ता आली की ती त्यांच्यात हां हां म्हणता पसरते. व्यापाऱ्यांनीही ही ओढ ओळखली आहे. निंटेंडो कंपनीने २०१६ मध्ये जुन्या खेळयंत्राची छोटी प्रतिकृती विकावयास काढली. २०२३ मध्ये मारिओवरील चित्रपटाने जगभर शंभर कोटी डॉलरांहून अधिक मिळकत केली. हे पाहून काही वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. 'चाळिशीच्या माणसाने खेळण्यांच्या वार्ता वाचाव्यात काय?' असे ते विचारतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. पडद्यासमोर तासन्‌तास बसून डोळे, झोप आणि अभ्यास यांची हानी करून घेणारी मुले आहेत, आणि त्यांना आवरलेच पाहिजे. परंतु अतिरेक वाईट म्हणून वस्तूच हलकी ठरत नाही. ज्या निंटेंडो कंपनीने मारिओला जन्म दिला, तिची सुरुवात १८८९ मध्ये क्योतो शहरात हातांनी बनविलेल्या पत्त्यांपासून झाली होती. सावंतवाडीच्या कारागिरांनी रंगविलेल्या गोल गंजिफांना कलेचा मान मिळतो, तर यंत्रावरच्या खेळात ओतलेल्या कल्पकतेला तो का मिळू नये? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये 'पॅकमॅन', 'टेट्रिस' यांसारखे चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले, ते याच विचाराने.

तथापि या ओढीत एक उणीव आहे, आणि ती वडीलधाऱ्यांच्या नजरेतून सुटते. जुन्या खेळाची आठवण काढणारा मनुष्य बहुधा उसासा टाकतो आणि तेथेच थांबतो. खेळ राखण्याचे काम कोणीतरी करीत असेल, अशी त्याची समजूत असते. वास्तविक व्यापारी तेवढेच राखतो, जेवढे पुन्हा विकले जाईल. अमेरिकेत व्हिडिओ गेमच्या इतिहासाचे जतन करणाऱ्या एका संस्थेने २०२३ मध्ये पाहणी केली. २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आता बाजारात विकत मिळत नाहीत, असे तिला आढळले. अटारी कंपनीने तर १९८३ मध्ये न खपलेल्या कॅसेटी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी प्रदेशात खड्डा खणून पुरून टाकल्या. २०१४ मध्ये तो खड्डा पुन्हा उकरण्यात आला आणि कचरा म्हणून पुरलेली वस्तू संग्रहालयात जाऊन बसली. इतक्या धनवान देशात, इतक्या अलीकडच्या खेळांची ही गत, तर ज्या खेळांना मालकच नाही त्यांची आवृत्ती कोण काढणार?

असे बिनमालकाचे खेळ बीड जिल्ह्यात थोडे नाहीत. दसरादिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात. कित्येक मुले शाळेचे दप्तर ठेवून त्यांच्याबरोबर जातात. त्यांच्या घरी टीव्ही गेम कोठून असणार? ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, चिंचोक्यांचा डाव, सागरगोटे आणि विटीदांडू हेच त्यांचे धन. कोपीपुढच्या मोकळ्या जागेत, दिवस मावळता मावळता, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन ती खेळून घेतात. त्यांच्या खेळाची वार्ता कोणी देत नाही, त्यावर चित्रपट निघत नाही. ती मुले मोठी होतात, खेळ मागे पडतो आणि त्याबरोबर त्याचे नियम, त्याचे शब्द आणि त्यातील गमतीही मागे पडतात.

शब्द मागे पडणे ही लहान हानी नव्हे. विटीदांडू खेळताना महाराष्ट्रातील मुले पिढ्यान्‌पिढ्या 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशी मोजणी करीत आली. त्या शब्दांचा अर्थ विचारला तर ती हसत. खेळातले शब्द, एवढेच त्यांना ठाऊक. परंतु हे शब्द तेलुगूतील 'ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू' या एक ते चार अंकांशी किती मिळतेजुळते आहेत, हे सहज ध्यानात येते. शेजारच्या भाषेची ही ठेव पोथीने नव्हे, तर धुळीत खेळणाऱ्या पोरांनी जपली. तो खेळ थांबला की ती ठेवही जाणार.

उलट जो खेळ लिहून ठेवला जातो, त्याला दीर्घायुष्य लाभते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' या ग्रंथात राज्यकारभाराबरोबर खेळांनाही जागा दिली; राजाला ते काम हलके वाटले नाही. खोखोचे उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. गावोगाव निरनिराळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास निश्चित केले. नियम ठरले म्हणून सामने झाले, सामने झाले म्हणून खेळ मातीतून मोठ्या मैदानावर गेला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. ती जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे ही मूळची बीड जिल्ह्यातील केज तालुक्याची. शंभर वर्षांपूर्वी काही माणसांनी एक देशी खेळ कागदावर उतरविला नसता, तर हा दिवस उगवला असता काय?

जतन करण्यासाठी मोठे साधन लागते, असेही नाही. याच जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे सोळाव्या-सतराव्या शतकांत संतकवी दासोपंत होऊन गेले. त्यांनी आपला एक ग्रंथ सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिला. ती 'पासोडी' अंबाजोगाईत आजही श्रद्धेने सांभाळलेली आहे. जपावयाचे ठरले तर साधे जाडेभरडे कापडही शतके टिकते. आजच्या मुलांजवळ वही आहे, घरात मोबाइल आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. आजीला सागरगोट्यांचे हात विचारावेत, वडिलांना विटीदांडूची मोजणी विचारावी, मामाला टीव्ही गेममधील युक्त्या विचाराव्यात. पटाची आकृती काढावी, नियम क्रमाने लिहावेत, शब्द जसे उच्चारले जातात तसेच नोंदवावेत. ऊसतोडीहून परतलेल्या सोबत्याला शाळेत 'तुझा अभ्यास किती बुडाला?' असे तर सर्वच विचारतात. 'तिकडे कोणता खेळ खेळलास?' असेही एकाने विचारावे. त्या प्रश्नाने त्याला कळेल की त्याचे बालपणही इतरांच्या बालपणाइतकेच लिहून ठेवण्याजोगे आहे.

अशा वह्यांतूनच उद्याचे नवे खेळही निघू शकतील. पुण्यातील तरुणांनी २०२० मध्ये 'राजी' नावाचा व्हिडिओ गेम भारतीय पुराणकथांच्या आधाराने घडविला आणि तो परदेशांतही खेळला गेला. घरचे धन ठाऊक असलेल्यालाच ते जगापुढे मांडता येते.

गेलेले बालपण परत येत नाही, आणि ते विकतही मिळत नाही. व्यापारी जुनी पेटी नव्याने देऊ शकेल. ओसरीवर दाटीवाटीने बसून आपल्या पाळीची वाट पाहणारे सोबती त्याला देता येणार नाहीत. पण त्या सोबत्यांनी कोणते खेळ खेळले, कसे खेळले आणि कोणत्या शब्दांत एकमेकांना हाका मारल्या, हे पुढच्यांच्या हाती देता येते. नुसती आठवण माणसाबरोबर जाते. लिहून ठेवलेली आठवण मागे उरते, आणि तिच्या आधाराने एखादे मूल मोडलेला डाव पुन्हा मांडू शकते.