बैलाचे दात आणि भिंगाची पाठ

बैल घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो. सोने घेताना सराफ ते कसाला लावतो. अहो, नारळ घेतानासुद्धा आपण तो कानाशी धरून हलवतो! पण जुन्या कॅमेऱ्याचे भिंग, म्हणजे लेन्स, घ्यायची वेळ आली की चांगली शहाणीसुरती माणसे एवढेच पाहतात, की पुढच्या कडीवर नाव कोणाचे कोरले आहे. आणि तिथेच फसतात.

हे आठवायचे कारण, आमच्या जिन्यातल्या काकू. त्यांचे यजमान इंजिनिअर होते. साठीच्या दशकात ते प्रशिक्षणासाठी रशियात गेले आणि येताना ‘झोर्की-४’ कॅमेरा घेऊन आले. मुलांची बारशी, मुंजी, सहली, सारे काही त्या कॅमेऱ्याने टिपले. काका गेले आणि कॅमेरा कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेला. गेल्या वर्षी नातवाने तो खाली काढला. पहिल्या पगारातले आठ हजार रुपये बाजूला ठेवून त्याने मनाशी ठरवले होते, की दिवाळीत आजोबांच्या कॅमेऱ्याने आजीचा फोटो काढायचा. कारागिराने शटर सुरू करून दिले, पण भिंगाला हात लावायला तो तयार होईना. आतल्या काचेवर बुरशीने जाळे विणले होते आणि लेपाबरोबर काचही खाल्ली होती. अशी काच पुसून भागत नाही.

“काका, तुम्ही बरोबर चला,” नातू म्हणाला. मी गेलो.

वाचकहो, या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. त्याला दोन खिडक्या असतात. दोन्हींतून दिसणाऱ्या प्रतिमा डोळा लावण्याच्या जागी एकमेकींवर पडतात. भिंगाची कडी फिरवली की एक प्रतिमा सरकते, आणि दोन्ही जुळल्या की अंतर बरोबर लागले असे समजायचे. हे घडते ते भिंगाच्या मागच्या बाजूला असलेल्या एका गुळगुळीत कड्यामुळे. ते पुढेमागे होते आणि कॅमेऱ्यातला एक लहानसा दांडा ढकलते. गंमत अशी, की आपण पाहतो ते भिंगातून नव्हे. भिंगावर झाकण असले तरी खिडकीतून सारे स्वच्छ दिसते! म्हणून डोळा लावून “वा, काय झकास दिसते,” म्हणण्याला काडीचा अर्थ नाही. भिंग हातात घेऊनच पारखावे लागते.

पहिल्या दुकानात मखमलीच्या डबीतून एक नाजूक, आत दुमडणारे भिंग बाहेर आले. “एल्मार आहे, जर्मन. पंचवीस हजारांचा माल, पण तुम्हाला म्हणून अठरा.” नाव खरोखरच मोठे. जर्मनीतल्या वेट्झलार गावच्या लाइट्स कंपनीने १९२५ साली लायका कॅमेरा लाइपझिगच्या जत्रेत मांडला. १९३० मध्ये त्याची भिंगे बदलता येऊ लागली आणि १९३२ मध्ये रेंजफाइंडर अंगातच आला. या लायकाची हुबेहूब नक्कल खारकोव्हला १९३४ पासून ‘फेड’ नावाने निघू लागली. पुढे १९४८ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क इथून ‘झोर्की’ आला. सगळ्यांचे तोंड ३९ मिलिमीटरच्या आट्यांचे, त्यामुळे एकाचे भिंग दुसऱ्याला बसते. हीच सोय आणि हाच सापळा! रशियन भिंगावर जर्मन नाव कोरून विकण्याचा धंदा बराच जुना आहे.

नातवाचे डोळे चमकले. उरलेले दहा हजार मित्राकडून उसने घेतो, असे तो माझ्या कानात पुटपुटलासुद्धा. मी ते भिंग उजेडाकडे धरले. आत धातूच्या पातळ पाकळ्यांचे छिद्र असते. पन्नास मिलिमीटरच्या खऱ्या जुन्या एल्मारमध्ये या पाकळ्या पहिल्याच काचेच्या मागे, अगदी दारात दिसतात. रशियन इंडुस्टारमध्ये त्या दोन काचा ओलांडून आत, माजघरात असतात. इथे त्या माजघरात होत्या. मी डबी बंद करून परत केली. दुकानदार काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही.

रशियन भिंग वाईट असते असे मात्र समजू नका. इंडुस्टार-२२ हे गुणी भिंग आहे. ज्युपिटर-८ तर झाइसच्या नामांकित सोनारच्या आराखड्यावर बेतलेले. ते त्यांच्या खऱ्या नावाने आणि खऱ्या भावाने घ्यावे, एवढेच. कडीवर चौकटीच्या आकाराचे लाल रशियन अक्षर असेल तर काचेवर लेप आहे असे समजावे. साधारण १९५५ नंतरच्या बहुतेक रशियन भिंगांत क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे सालाचे शेवटचे दोन आकडे. ६५ असेल तर १९६५.

आता पाठ पाहण्याची गोष्ट. ३९ मिलिमीटरचे आटे केवळ रेंजफाइंडरलाच असतात असे नाही. ‘झेनिट’ हा आरशाचा कॅमेरा १९५२ मध्ये निघाला, त्याचे तोंडही तेवढेच. पण झोर्कीत भिंगाच्या बैठकीपासून फिल्मचे अंतर २८.८ मिलिमीटर, तर झेनिटमध्ये आरशाला जागा हवी म्हणून ४५.२. झेनिटचे भिंग झोर्कीला लावले तर ते फिल्मच्या सोळा मिलिमीटर जास्त जवळ जाते आणि चित्रात नुसते धुके उमटते. इंडुस्टार-५० आणि ज्युपिटर-९ ही भिंगे तर दोन्ही जातींत निघाली, नाव एकच! मग ओळखायचे कसे? भिंग उलटे करा. कडी फिरवताना मागचे गुळगुळीत कडे पुढेमागे होत असेल तर ते रेंजफाइंडरचे. तसे कडे नसेल तर झेनिटचे. आणि अंतराची कडीच नसेल तर ते फोटो मोठे करण्याच्या यंत्राचे भिंग. ज्युपिटर-८ ‘कीव्ह’ कॅमेऱ्यासाठीही निघत असे, पण त्याच्या पाठीला आटेच नसतात.

दुसऱ्या दुकानात दोन ज्युपिटर-८ मिळाली. एक आरशासारखे लखलखीत, किंमत सात हजार. दुसरे धुळकट, कडीवरचा रंग उडालेला, किंमत साडेचार. कोणीही पहिले उचलले असते. मी आधी विजेरी मागितली.

भिंगाच्या मागून विजेरी लावून पुढून तिरपे पाहावे. धुळीचे चार कण असले तर बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, सरळ परत करावे. दुधाळ पडदा दिसला तर चित्र फिके येणार. तो साफ होऊ शकतो, पण कारागिराची मजुरी किमतीत धरावी. पुढच्या काचेवरची एखाददुसरी रेघ चालते, मागच्या काचेवरची अधिक नडते. १९३३ च्या सुमार भिंगाची पुढची काच तर इतकी मऊ, की रुमालाने पुसूनपुसून तिच्यावर ओरखड्यांचे जाळे होते. पाकळ्यांवर तेल दिसले तर लगेच घाबरू नये, कारण त्या हातानेच फिरवायच्या असतात. कडी जड फिरत असेल तर आतले ग्रीस घट्ट झालेले असते.

दोन्ही भिंगे विजेरीला उतरली. पण लखलखीत भिंगाच्या स्क्रूंची डोकी कुरतडलेली होती, म्हणजे कोणीतरी ते उघडले होते. मग शेवटची कसोटी लावली. कॅमेऱ्याची पाठ काढली, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवला, शटर ‘बी’ वर दाबून उघडे ठेवले, भिंगाचे छिद्र पूर्ण मोकळे केले आणि डोक्यावर काळा रुमाल घेतला. आता खिडकीत समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी जुळवायची आणि कागदावर पाहायचे. लखलखीत भिंगाची टाकी कागदावर पसरट, पुसट उमटली. धुळकट भिंगाची टाकी उलटी उमटली, पण तिच्या शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या! एक मीटरवर पुठ्ठ्याचा खोका ठेवून पाहिले, तिथेही तोच निकाल.

कारण साधे आहे. या भिंगात काचांच्या गठ्ठ्याखाली कागदासारखी पातळ कडी घातलेली असते. कारखान्यात तिनेच अंतर जुळवलेले असते. साफसफाईत ती हरवली, किंवा कडीचे आटे चुकीच्या तोंडाने चढवले, की भिंग बाहेरून चकचकीत होते आणि आतून आंधळे. साडेचार हजार देऊन आम्ही धुळकट भिंग घेतले. उरलेल्या पैशांत फिल्मचे दोन रोल आणि हवाबंद डबा आला. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. चामड्याच्या म्यानात भिंग कधी ठेवू नये, पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि बुरशीला घर मिळते. झाकण नसलेला कॅमेरा उन्हाकडे तोंड करूनही ठेवू नये, सूर्य कापडी शटरला भोक पाडतो.

नरकचतुर्दशीच्या सकाळी नातवाने काकूंना गॅलरीत बसवले. काकूंनी खुर्ची आपणहून थोडी फिरवली. “हे नेहमी मला उजेडाकडे तोंड करून बसवायचे,” त्या म्हणाल्या. नातू कडी फिरवत राहिला, दोन काकूंची एक काकू होईपर्यंत.

छत्तीसपैकी नऊ फोटो वाया गेले, हात नवा होता. काकूंचा तो फोटो मात्र आता भिंतीवर आहे, काकांच्या तसबिरीशेजारी. पाहुणे विचारतात, कोणत्या कॅमेऱ्याने काढला? काकू कॅमेऱ्याचे नाव सांगत नाहीत. “आमच्या घरच्या,” एवढेच म्हणतात.